पीएच.डी.नंतरची पायरी

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. मुलाला जेवण, निवारा आणि अभ्यासाला दिवा मिळाला की तो पुढे जातो, हा त्यामागचा विश्वास होता. त्याच विश्वासावर चाललेल्या या निवासी शाळेत आम्ही वाढलो. आज आमच्यातील काही जण पीएच.डी. झाले आहेत. (शेजारच्या मावशी त्यांनाही तापावर गोळी विचारतात, तो भाग वेगळा.)

पीएच.डी.पर्यंतची वाट आता वस्तीला ठाऊक झाली आहे. बार्टीची अधिछात्रवृत्ती, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही नावे आयाबायांच्याही तोंडी असतात. अडचण त्यानंतर सुरू होते. पदवी हाती येते आणि अधिछात्रवृत्ती थांबते. प्राध्यापकभरतीची वाट पाहत आमची मुले तासिका तत्त्वावर राबतात आणि प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध हळूहळू तुटतो. बाबासाहेबांचेही लंडनमधील शिक्षण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अर्धवट राहिले होते. सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून पैसे साठवून, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले.

आज या मधल्या काळासाठी पोस्ट-डॉक्टरल संशोधकाची नोकरी आहे. पण घरी हा शब्द उच्चारला की पहिला प्रश्न येतो, ‘परमनंट आहे का?’ नाही, करार बहुधा वर्ष ते तीन वर्षांचा असतो. दुसरा प्रश्न आईचा : ‘एवढे शिकलास, आता पुन्हा शिकायचे?’ तिला सांगावे की हे काम आहे आणि त्याला वेतन आहे. केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्यावरील प्रकल्पांत रिसर्च असोसिएटसाठी जानेवारी २०२३ पासून दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आणि वर घरभाडे असा दर ठरलेला आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, स्थापत्य, संगणक अशा सर्व शाखांत या जागा निघतात. मुंबईची आयआयटी, पुण्याची आयसर व राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ही ठिकाणे फार लांब नाहीत. केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तर आपल्या उंबरठ्यावरच आहे. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्तीला वयाची अट ३५ वर्षांची असून अनुसूचित जातींना ५ वर्षांची सवलत आहे. तासिकांत गेलेली वर्षे या हिशेबात धरली जातात, हे ध्यानात ठेवावे.

आमची मुले गुणवत्तेत उणी नाहीत. त्यांचे घोडे अडते ते पत्रापाशी. पुष्कळ जागा जाहिरातीपूर्वीच्या पत्रव्यवहारातून कळतात. अनोळखी प्राध्यापकाला पानभर पत्र लिहायचे : त्यांचे कोणते शोधनिबंध वाचले, आपण काय केले, त्यांच्याकडे काय करू इच्छितो. सोबत दोन-तीन शिफारसदारांची नावे. प्राध्यापकांच्या घरात वाढलेल्या मुलाला हे जेवणाच्या ताटावरच कळते. आमच्याकडे ते सांगणारे कोणी नव्हते.

म्हणून माजी विद्यार्थी मेळाव्याला येताना ज्यांचा प्रबंध पूर्ण होत आला आहे, त्यांनी अशा पत्राचा मसुदा सोबत आणावा. सत्कार आटोपले की आम्ही भोजनगृहात बसू. भाषा आम्ही तपासू. रसायनशास्त्र मात्र ज्याचे त्याने सांभाळावे.