पहिला कोण?

गोष्ट ऐकणाऱ्याचा आणि सांगणाऱ्याचा एक न लिहिलेला करार असतो. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा आणि सांगणाऱ्याने शेवट द्यायचा. आपल्या श्रावणातल्या कहाण्या हा करार मोठ्या इमानाने पाळतात. नावडतीचे दिवस पालटतात, उतलेल्या-मातलेल्यांना अद्दल घडते, आणि 'सुफळ संपूर्ण' म्हटले की हातातल्या अक्षता वाहून माणसे आपापल्या कामाला लागतात. कुणाच्या मनात काही उरत नाही. आमची आजी मध्येच थांबून म्हणाली असती, "राजाचे काय झाले ते आता तुमचे तुम्हीच ओळखा," तर आम्हा पोरांनी तिला त्या दिवशी सुखाने जेवू दिले नसते.

इंग्लंडातल्या प्रेक्षकांनी एका नटाला असेच सुखाने जेवू दिले नाही. १९६७ च्या सप्टेंबरअखेर तिकडच्या दूरचित्रवाणीवर 'द प्रिझनर' ही विज्ञानकथेच्या वळणाची मालिका सुरू झाली. पॅट्रिक मॅकगूहन हा तिचा नायक आणि निर्माताही. एक सरकारी गुप्तहेर रागारागाने राजीनामा देतो, घरी येऊन सामान भरू लागतो, आणि कुलपाच्या भोकातून आलेल्या धुराने बेशुद्ध होतो. जागा होतो तो एका नामी खेड्यात. रंगीत घरे, कारंजी, बँडचे सूर, हसतमुख माणसे. पण नाव कुणालाच नाही, प्रत्येकाला नुसता आकडा. हा सहावा. कुणी पळू लागला तर एक भला मोठा पांढरा फुगा गुरगुरत त्याच्या अंगावर येतो. कारभार पाहणारा 'दुसरा' बहुधा दर आठवड्याला बदलतो. स्वप्ने पडद्यावर उमटवणारी यंत्रे लावूनही सहावा राजीनाम्याचे कारण सांगत नाही. त्याला उलट एकच विचारायचे असते : पहिला कोण?

सोळा भाग प्रेक्षकांनी हा प्रश्न त्याच्याबरोबर विचारला. सतरावा, म्हणजे शेवटचा भाग, १९६८ च्या फेब्रुवारीच्या आरंभी लागला. तो मॅकगूहननेच लिहिला होता आणि दिग्दर्शितही त्यानेच केला होता. त्यात मुखवटे घातलेल्यांची एक सभा सहाव्याचा सत्कार करते, त्याला भाषण करायला सांगते. पण त्याने 'मी' एवढा शब्द उच्चारला की सगळी सभा 'मी, मी, मी' असा गलका करून त्याचे बोलणे बुडवते. अखेर त्याला पहिल्याच्या भेटीला नेतात. अंगभर झगा पांघरलेल्या त्या पहिल्याचा मुखवटा तो ओढून काढतो. खाली माकडाचा मुखवटा. तोही ओरबाडतो, खाली त्याचा स्वतःचा चेहरा, वेड्यासारखा हसणारा. हे सगळे काही क्षणांत घडते. मग गोळीबार, पलायन, लंडन. घरचे दार त्याच्या बुटक्या, मुक्या सोबत्यापुढे आपोआप उघडते, थेट त्या खेड्यातल्या दारांसारखे. आणि शेवटचे दृश्य पहिल्या भागाच्या पहिल्या दृश्याशी जाऊन मिळते.

मग काय विचारता! तक्रारींच्या दूरध्वनींचा पाऊस पडला. लोकांना आपण फसवले गेलो असे वाटले. १९७७ साली कॅनडातल्या एका मुलाखतीत मॅकगूहनने सांगितले की आपल्याला काही दिवस दडून राहावे लागले होते; लोकांना बाँडपटातल्यासारखा कुणीतरी खलपुरुष हवा होता, आणि तो मिळाला नाही. मात्र लोक चिडले याची त्याला खंत नव्हती. ज्यांना काहीच वाटत नाही अशा माणसांची त्याला अधिक धास्ती होती.

या रागाला मी हसणार नाही. सतरा आठवडे म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे. त्या वेळी चित्रफीत घरी ठेवण्याची सोय जवळपास कुणाकडेच नव्हती; हुकलेला भाग हुकलाच. तेव्हा जेवणे लवकर उरकून, पाहुण्यांना वाटेला लावून माणसे वेळेवर बसली असतील. एवढे दिल्यावर उत्तर मागण्याचा हक्क त्यांचाच. मौज एवढीच की उत्तर मिळाले होते. नको ते मिळाले, म्हणून ते मिळालेच नाही असे वाटले. बहुतेक भागांच्या सुरुवातीला सहावा 'पहिला कोण?' असे विचारतो आणि पलीकडून त्याला त्याचा आकडा ऐकवला जातो. त्या इंग्रजी वाक्यात मध्ये जरासे थांबले तर अर्थ होतो, 'तूच तो, सहाव्या.' ही खोच रसिकांनी पुढे दाखवून दिली.

मी ही मालिका भाच्याबरोबर पाहिली, पावसाळ्यात, रोज एक भाग. शेवटचा भाग संपला तेव्हा तो ताडकन उठला. "मामा, ही शुद्ध फसवणूक आहे!" पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचा, परक्या मुलखातला तो राग आमच्या दिवाणखान्यात जसाच्या तसा उभा राहिलेला पाहून मला नवल वाटले.

मला मात्र माझी कचेरी आठवली. आमच्याकडे कुठलाही जाचक कागद आला की म्हणत, "वरून आलंय." वर म्हणजे कुठे, ते कुणी विचारत नसे. तळमजल्यावर वर म्हणजे दुसरा मजला. बढती मिळून मी दुसऱ्या मजल्यावर गेलो, तर तिथेही तोच जप चाललेला. वर म्हणजे आता मुंबई. एकदा जिना उतरताना रजेच्या अर्जाविषयीच्या एका परिपत्रकावर दोघे कारकून हळहळताना दिसले. "काय करणार, वरून आलंय," एकजण म्हणाला. कागदावर सही माझी होती. मी पाहिले, त्यांनी पाहिले, आणि आम्ही तिघेही पावसापाण्याच्या गोष्टी बोललो.

मुखवट्याखाली आपले तोंड निघणे कुणालाही रुचत नाही. निदान रात्री जेवण झाल्यावर तरी नाही. जपानातही पुढे असेच घडले. 'इव्हँजेलियन' या चित्रमालिकेचा शेवट १९९६ साली झाला, तेव्हा संतापलेल्या प्रेक्षकांनी दिग्दर्शक हिदेआकी अन्नो याच्यावर पत्रांचा भडिमार केला. १९९७ मध्ये त्याने शेवट पुन्हा सांगणारा चित्रपट काढला आणि त्यात क्षणभर ती पत्रेच झळकवली. चित्रपटगृहात बसलेला प्रेक्षकही दाखवला. मॅकगूहनने आरसा नायकापुढे धरला होता, अन्नोने तो सरळ खुर्च्यांकडे फिरवला. राग शमला नाही हे सांगायला नको.

आणि तरी माणसे दूर गेली नाहीत. 'द प्रिझनर'चे चित्रीकरण वेल्समधल्या पोर्टमेरिऑन येथे झाले होते; क्लॉ विल्यम्स-एलिस या वास्तुशिल्पज्ञाने हौसेने वसवलेले ते गाव. १९७७ साली मालिकेच्या चाहत्यांनी एक मंडळ काढले आणि त्या गावात मेळावे भरवू लागले. मालिकेतल्यासारखे माणसांचे बुद्धिबळ ते तिथे खेळत. भाग कोणत्या क्रमाने पाहावेत यावरचा त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. मॅकगूहन २००९ साली गेला. त्यानेही तो मिटवला नाही. ज्या मालिकांचे शेवट त्या वर्षी सर्वांना पसंत पडले असतील, त्यांच्यासाठी इतकी वर्षे कोण भांडत बसले असेल?

भाच्याचे मत काही बदललेले नाही. करार मोडला तो मोडलाच, असे तो म्हणतो, आणि त्याचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. पण गणपतीला आला होता तेव्हा आरती झाल्यावर, प्रसादाची वाटी हातात धरून, त्याने मला एकदम विचारले, "मामा, ते लंडनच्या घराचे दार आपोआप कसे उघडले?" त्या रात्री आम्हाला झोपायला एक वाजला.