बागलाणच्या डोंगरात, एसटीने

तीर्थयात्रेला जायचे म्हटले की आपल्या घरांतून पहिला प्रश्न निघतो, तो गाडीचा. कोणाची गाडी मोकळी आहे, चालक कोण, दुकान कोण सांभाळणार, मुलांच्या परीक्षा कधी आटोपतात, या प्रश्नांची उत्तरे जुळेपर्यंत हिवाळा सरतो, उन्हाळा लागतो आणि यात्रा पुढच्या वर्षावर जाते. घरातील वडीलधारी माणसे काही बोलत नाहीत. गिरगावच्या चाळींतून, परळ-लालबागच्या नव्या इमारतींतून अशा कितीतरी माता आहेत, ज्यांनी मांगीतुंगीचे नाव लहानपणापासून ऐकले आहे आणि पाय चालत असूनही डोंगर पाहिलेला नाही. अडचण पैशाची नसते. अडचण असते ती कोणाच्या तरी सवडीवर अवलंबून राहण्याची.

म्हणून हा लेख गाडीवाल्यांसाठी नाही. आगगाडी, एसटी आणि आपले पाय एवढ्या साधनांवर नाशिक जिल्ह्यातील डोंगराळ मुलखात कसे जावे, कोठे थांबावे आणि जेवणाचे नियम सांभाळून परत कसे यावे, हे त्यात सांगावयाचे आहे. मांगीतुंगी आणि गजपंथा ही दोन्ही सिद्धक्षेत्रे दिगंबर परंपरेतील असली, तरी तेथील डोंगर चढताना कोणी कोणाची परंपरा विचारीत नाही. शिवाय या तीर्थांशी गिरगावचे नाते जुने आहे. भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटी 1902 साली स्थापन झाली, ती शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने, आणि तिचे नाव सी. पी. टँकजवळच्या हिराबागेशी कायमचे जोडले गेले. जव्हेरी बाजारात मोती पारखणाऱ्या त्या व्यापाऱ्याच्या काळी दूरदूरच्या डोंगरांकडे निघालेला यात्रेकरू मुंबईत उतरला की याच भागात मुक्काम करी.

प्रथम आगगाडी. सकाळी निघणाऱ्यांना तपोवन एक्सप्रेस सोयीची. ती सकाळीच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटते आणि दुपारच्या आत नाशिकरोडला पोहोचविते. वेळापत्रक अधूनमधून बदलते, तेव्हा तिकीट काढताना वेळ पाहून घ्यावी. पंचवटी एक्सप्रेसचे नाव सर्वांच्या तोंडी असले, तरी ती मुळात नाशिककरांची गाडी आहे. सकाळी मुंबईकडे येते, संध्याकाळी परत जाते. मुंबईकराला जाताना तिचा फारसा उपयोग नाही. एक सूचना मात्र आग्रहाने करावीशी वाटते. दादर जवळ पडते म्हणून वृद्धांना घेऊन दादरला चढू नये. तेथे गाडी क्षणभर थांबते, गर्दी दारात कोंबलेली असते आणि पिशव्या एकीकडे, माणसे दुसरीकडे होतात. लालबाग-परळच्या मंडळींनीही पहाटेची लोकल किंवा टॅक्सी घेऊन मूळ स्थानकावरच जावे. उभ्या गाडीत शांतपणे बसता येते, ही सोय अर्ध्या तासाच्या झोपेपेक्षा मोठी आहे.

कसाऱ्याच्या पुढे थळ घाट लागतो. हा लोहमार्ग 1865 साली खुला झाला. दर 37 फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ आहे आणि तो चढण्यासाठी बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात. मुलांना ही गंमत खाली न उतरता खिडकीतून दाखवावी. स्थानकावरचा वडा अर्थात बटाट्याचा. आपल्या कामाचा नाही. डब्यात खाखरा, थेपले, सुखडी आणि लालबागच्या चिवडा गल्लीतून कांदा-लसूण नसल्याची खात्री करून घेतलेला चिवडा असला, म्हणजे दिवस निभावतो. उकळलेले पाणी घरूनच दोन बाटल्या भरून न्यावे.

ज्यांचे आरक्षण झाले नसेल त्यांनी निराश होऊ नये. मुंबईपासून कसाऱ्यापर्यंत लोकल जाते. हे अंतर सुमारे 120 किलोमीटर. कसारा स्थानकाबाहेर नाशिककडे जाणाऱ्या जीपगाड्या माणशी भाडे घेऊन भरतात. बसण्यापूर्वी भाडे विचारावे आणि सामान टपावर टाकू देऊ नये. तरुणांना ही वाट चालते. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र आगगाडीच पाहावी.

नाशिकरोड स्थानक आणि नाशिक शहर यांत आठ-नऊ किलोमीटरचे अंतर आहे, आणि शहरात एसटीची स्थानके एकाहून अधिक आहेत: जुने सीबीएस, ठक्कर बाजारातील नवे सीबीएस, महामार्ग. नवख्या यात्रेकरूचा सर्वाधिक वेळ येथेच वाया जातो. रिक्षावाल्याला केवळ ‘स्टँड’ असे न सांगता ‘सटाण्याची गाडी लागते ते स्टँड’ असे सांगावे आणि तेथे पोहोचल्यावर चौकशीच्या खिडकीवर पुन्हा विचारावे.

पहिल्या दिवशी थेट मांगीतुंगी गाठण्याचा अट्टाहास नसावा, असे माझे मत आहे. शहराच्या उत्तरेस म्हसरूळ येथे गजपंथा आहे. शहर बसने किंवा रिक्षाने जाता येते, पायथ्याशी धर्मशाळा आहे आणि चढ चारशेच्या वर पायऱ्यांचा. सात बलभद्रांची ही निर्वाणभूमी. डोंगरात प्राचीन गुंफा आहेत. गावकरी त्यांना चांभारलेणी म्हणतात. येथे चढून उतरल्यावर आपल्या गुडघ्यांची परीक्षा आपोआप होते. गजपंथा चढून ज्यांना संध्याकाळी जिना उतरणे जड जाते, त्यांनी मांगीतुंगीला डोली करावी आणि त्यात कमीपणा मानू नये.

आता मुख्य वाट. नाशिकहून देवळामार्गे सटाणा, सटाण्याहून ताहाराबाद आणि तेथून मांगीतुंगीचा पायथा, असा हा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा प्रवास आहे. सटाणा हे बागलाण तालुक्याचे ठिकाण. नाशिक-सटाणा या टप्प्यावर गाड्यांची उणीव नाही. खरी मेख आहे ती ताहाराबादच्या पुढच्या लहान टप्प्यात. तेथे एसटीच्या फेऱ्या मोजक्या. त्या शाळेच्या आणि बाजाराच्या वेळांशी बांधलेल्या असतात. बस न मिळाल्यास रिक्षा किंवा जीप पाहावी लागते आणि दिवस मावळताना त्याही कमी होतात. म्हणून नाशिक सकाळी लवकर सोडावे. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. भोजनशाळा त्यापूर्वी बंद होते. चार वाजता पायथ्याशी असलात तर खोली, स्नान, जेवण, सर्व काही वेळेत होते. सहा वाजता पोहोचलात तर जवळच्या खाखऱ्यांवरही हात ठेवता येत नाही. धर्मशाळेला निघण्यापूर्वी दूरध्वनी करून माणसांची संख्या कळवावी. भोजनशाळेत रांधणाऱ्यांनाही ते बरे पडते.

एसटीची एक रीत शहरी माणसाला ठाऊक नसते. ती म्हणजे मुक्कामाची गाडी. संध्याकाळी गावात येणारी शेवटची बस रात्री तेथेच थांबते, चालक आणि वाहक तेथेच झोपतात, आणि तीच बस पहाटे पहिली फेरी म्हणून परत निघते. ज्या गावी जाल तेथे ‘मुक्कामाची गाडी येते का, सकाळी किती वाजता सुटते’ हे आदल्या संध्याकाळीच विचारून घ्यावे. छापील वेळापत्रकापेक्षा किराणा दुकानदाराचे उत्तर अधिक भरवशाचे असते. दुकानदारच तो, गाडी चुकली तर त्याचा मालही चुकतो.

तिकिटाविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्यातील अनेकांना याची कल्पनाच नाही. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. 65 ते 75 वयोगटाला निम्मे तिकीट. मार्च 2023 पासून सर्व वयाच्या स्त्रियांना निम्मे तिकीट. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढे गुजरातेत जाणाऱ्या गाडीत हद्दीपलीकडचे भाडे पूर्ण द्यावे लागते. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती झालीच. आधार कार्ड पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवावे.

सटाण्याच्या गाडीत माझ्या आईजवळ येऊन वाहकाने विचारले, “आजी, तुमचं आधार कार्ड दाखवा.” आईने ते दिले आणि सवयीने पदराची गाठ सोडून नोटही पुढे केली. “राहू द्या आजी, तुम्हाला पैसे नाहीत,” तो म्हणाला आणि शून्य रुपयांचे तिकीट फाडून त्याने तिच्या हातात ठेवले. आईने ते तिकीट जपून पाकिटात ठेवले. “दादा, परत येतानाही असंच का?” असे तिने विचारले, तेव्हा शेजारच्या बाकावरील बायका हसल्या. मुंबईला परतल्यावर तिने आमच्या मजल्यावरील तिघींना जमविले आणि पुढची यात्रा त्या चौघींनी कोणालाही न विचारता ठरविली. मला फक्त रेल्वेचे आरक्षण करावयास सांगितले.

रस्त्याविषयी थोडे. देवळ्यापासून पुढे डोंगरांचे आकार बदलतात. सपाट माथ्याचे, कड्यांनी तासल्यासारखे डोंगर दोन्ही अंगांना उभे राहतात. खाली डाळिंबाचे आणि द्राक्षांचे मळे, आणि कांदा. हंगामात बाजार समितीकडे निघालेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागे बस तासन्‌तास रेंगाळते; कांदा न खाणाऱ्यांना कांद्याने अडविण्याची ही एकच तऱ्हा. ताहाराबादच्या पलीकडे मुल्हेर आणि साल्हेर. साल्हेर 1567 मीटर उंच असून महाराष्ट्रातील गिरिदुर्गांत सर्वांत उंच आहे. कळसूबाईनंतर त्याचाच क्रम. 2025 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून स्वीकारलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याची गणना झाली. घरातील तरुणांना तो खुणावेल. वृद्धांच्या यात्रेत तो घुसडू नये; त्यासाठी वेगळा दिवस काढावा.

मांगीतुंगीचा चढ पहाटे उजाडताच सुरू करावा. पायऱ्या सुमारे साडेतीन हजार. वाटेत शुद्ध-बुद्ध मुनींच्या गुंफा लागतात. पुढे वाट फुटते, एक मांगीकडे, एक तुंगीकडे, आणि मधल्या खिंडीतून दोन्ही सुळके समोरासमोर दिसतात. मांगीवर कातळात कोरलेल्या प्रतिमा अधिक आहेत. तुंगी थोडी उंच आणि चढास अवघड. राम, हनुमान, सुग्रीव आदी नव्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षास गेले, असे निर्वाणकांडाची परंपरा सांगते. दोन्ही शिखरे करून उतरण्यास पाच-सहा तास धरावेत. ऊन चढल्यावर अनवाणी पायांना पायऱ्या पोळतात. दोन्ही होत नसतील तर मांगी करावी आणि खिंडीतून तुंगीला वंदन करून उतरावे. डोलीचा दर आदल्या संध्याकाळीच ठरवावा. सकाळी पायरीवर उभे राहून घासाघीस करणे आपल्याला शोभत नाही. खांद्यावर भार घेऊन चढणाऱ्या माणसाशी तर नाहीच.

भगवान ऋषभदेवांची 108 फुटांची मूर्ती याच डोंगराच्या अखंड पाषाणात कोरलेली आहे. गणिनी ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने हे काम अनेक वर्षे चालले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये पंचकल्याणक महोत्सव झाला. तेथपर्यंत वाहनाचा रस्ता आहे. ज्यांना पायऱ्या शक्य नाहीत त्यांनी वाहनाची चौकशी धर्मशाळेत करावी.

पावसाळ्यात हा मुलूख फार सुंदर दिसतो हे खरे. परंतु पायऱ्या निसरड्या होतात, आणि चातुर्मासात पायाखालच्या जिवांचा विचार करणाऱ्याला ओल्या डोंगरावर पाऊल टाकणे जड वाटते. कार्तिकी पौर्णिमेपासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. सोमवारी दुकान बंद ठेवणाऱ्यांना शनिवार-रविवार-सोमवार अशी यात्रा बसते. दोन दिवसांत ती बसवू नये.

एक गोष्ट व्यापाऱ्याच्या दृष्टीने सांगतो. ताहाराबादच्या पुढची फेरी चालते ती शाळेच्या मुलींवर, बाजारकऱ्यांवर आणि काही प्रमाणात आपल्यासारख्या यात्रेकरूंवर. 2021-22 च्या संपात गाड्या कित्येक महिने बंद राहिल्या, तेव्हा अशा गावांतील मुलींचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो दुकानात फार दिवस ठेवीत नाहीत. क्षेत्रावर गाड्यांचा तळ भरलेला आणि बस रिकामी, असे दृश्य पाहिले की मला ते हिशेबाच्या बाजूनेही बरे वाटत नाही.

परतीच्या दोन वाटा आहेत. सटाण्याहून मालेगावमार्गे मनमाडला उतरलात तर वेळ असल्यास अनकाई-टनकाई पाहावी. मनमाडच्या दक्षिणेस ही जोडकिल्ल्यांची टेकडी आहे आणि तिच्या अंगावर जैन लेणी आहेत. त्यांतील काही दुमजली असून अंबिकेच्या आणि इंद्राच्या मूर्ती पाहण्यासारख्या आहेत. चढ थोडाच आहे. मनमाडहून मुंबईच्या गाड्या पुष्कळ. दुसरी वाट नाशिकवरून. संध्याकाळच्या गाडीत बसणार असाल तर नाशिकलाच सूर्यास्तापूर्वी जेवून घ्यावे. आरक्षण नसेल तर पुन्हा जीपने कसारा आणि तेथून लोकल. ही लोकल जलद असल्यास चिंचपोकळी, करी रोड, परळला थांबत नाही. लालबागकरांनी दादरला उतरून धिमी लोकल घ्यावी; गिरगावकरांनी शेवटपर्यंत बसावे.