दोन इंच गादी

माझ्या आजीच्या तरुणपणी देवणीहून माळेगावच्या जत्रेला जायचं तर दोन प्रकार होते, दमणी आणि उघडी बैलगाडी. दमणीला वर छत, आत गादी आणि लोड. ती चार-दोन मोठ्या घरांत. बाकी सगळा गाव उघड्या गाडीत. बैल मात्र दोन्हींना देवणीच, काळ्यापांढऱ्या अंगाचे, आमच्या गावाचं नाव देशभर नेणारे. उघड्या गाडीत बसायला आजी स्वतः जागा करायची. आधी कडबा, तोही ताटं आडवी लावून, त्यावर एक जाड वाकळ, वर धुवट पातळाची दुसरी. ‘कडबा नीट आंथरला नाही की अहमदपूर येईस्तोवर हाडं मोकळी होतेत,’ असं ती सांगायची. गाडी गरिबाची असली तरी अंगाला काय लागतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

माझ्या लहानपणी गाडीची जागा रेल्वेनं घेतली. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. भावाचं जावळ तिरुपतीला काढायचा नवस होता, म्हणून आम्ही उदगीरहून हैदराबादकडे निघालो. रेल्वेनं 1974 मध्ये तिसरा वर्ग बंद करून त्याला दुसरा म्हणायला सुरुवात केली होती, पण पाटी बदलली तरी खाली लाकडी फळ्याच होत्या. फळ्यांमधल्या फटी रात्रभर पाठीवर उमटायच्या. म्हणून वळकटी. सतरंजी खाली, तिच्यावर दोन वाकळा, मध्ये अण्णांचं धोतर आणि टॉवेल, उशाशी कपड्यांचं गाठोडं, आणि सगळं गुंडाळून दोरीनं असं आवळायचं की डब्याच्या दारातून आडवं न होता आत जावं. ते काम आई गुडघा रोवून करायची. तिच्याइतकी घट्ट गाठ अण्णांनाही जमत नसे.

दुसरं काम दशम्यांचं. ज्वारीचं पीठ पाण्यात भिजवलं तर भाकरी दुसऱ्या दिवशी वाळून कडक होते. दुधात भिजवलं की दोन दिवस मऊ राहते. आई तव्यावरून उतरवलेली दशमी लगेच डब्यात घालत नसे. फडक्यावर एकेक सुटी पसरायची, वाफ पार गेली की रचायची, नाहीतर घाम धरून वास सुटतो. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि आंब्याचं लोणचं. सिकंदराबादेच्या पुढे समोरच्या बाकावर एक तेलुगू कुटुंब बसलं. त्यांनी चिंचेचा पिवळा भात पुढे केला, आईनं धपाटे दिले. सीमेवरचं गाव असल्यानं आम्हाला थोडं कानडी येत होतं, तेलुगूचा मात्र एक शब्द नाही. तरी तिरुपती येईपर्यंत त्या बाईंनी भावाला मांडीवर घेतलं होतं.

हालही होते आणि ते मी विसरले नाही. संडासात पाणी नव्हतं. आई रात्रभर बसून राहिली, कारण तिची जागा तिनं आम्हा दोघांना दिली. वरून आजोळच्या नातलगांचा सल्ला, ‘देवाला जाताना हाल सोसावेत.’ मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. बाईमाणसाच्या पाठीच्या कण्यानं पुण्याची किंमत का द्यावी?

गांधीजींनी 1917 साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या हालांवर लिहिलं होतं. त्यानंतर साठ वर्षांनी आपल्याच महाराष्ट्रातला एक माणूस रेल्वेमंत्री झाला. मधु दंडवते, जन्म अहमदनगरचा, लोकसभेत राजापूरचे खासदार. पहिल्या वर्गाचं सुख काढून घेण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाचं वाढवावं, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोमची गादी बसवायला सुरुवात केली. 1977 च्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस निघाली, तीही वर्गभेद नसलेली. हळूहळू गादी सगळ्या गाड्यांत पोचली. पुढं कधीतरी आई त्या गादीवर आडवी झाली आणि पहाटेपर्यंत उठली नाही. तिला दंडवत्यांचं नाव माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाली, ‘लई चांगला माणूस म्हणायचा.’ माझ्या मते मराठी माणसानं सार्वजनिक जीवनात केलेल्या मोठ्या कामांच्या यादीत ही दोन इंच गादी फार वर असायला हवी.

एसटीतही असाच बदल झाला. 1982 च्या आशियाई खेळांनंतर निमआराम गाड्या आल्या, लोक त्यांना एशियाड म्हणू लागले. साध्या गाडीत तीन आणि दोन अशी आसनं, एशियाडमध्ये दोन-दोन. माझं लग्न झालं तेव्हा महामंडळाची 1988 पासूनची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना जोरात होती. एकदा पास काढला की ठरावीक दिवस कुठल्याही गावी जा. आम्ही नवराबायको तो पास घेऊन महाबळेश्वर, कोल्हापूर, रत्नागिरी, गणपतीपुळे असे फिरलो. यांचा पगार बेताचा, माझी नोकरी नव्हती. राहायला भक्तनिवास नाहीतर बसस्थानकाजवळची लॉज. आंबा घाटात गाडी बंद पडली तेव्हा कंडक्टरसकट सगळे खाली उतरलो आणि एका आजोबांनी करवंदं तोडून सगळ्यांना वाटली. तिथंच ओळख झालेल्या मलकापूरच्या कुटुंबाशी आजही आमचं येणं-जाणं आहे.

मग मुलं शिकली, कमवती झाली. थोरल्यानं आम्हाला गोव्याला समुद्रकाठच्या एका भारी रिसॉर्टमध्ये नेलं. त्या पलंगावर मी जी झोपले तशी झोप बाळंतपणानंतर कधी लागली नव्हती. पहाटे गरम पाण्याचा नळ सोडला आणि डोळे भरून आले, आईसाठी. हे सुख खोटं नाही, आणि ते नाकारणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण तीन दिवस तिथं राहून गोव्याचा एकही माणूस आमच्याशी आपणहून बोलला नाही. वाढणारी पोरं बाहेरच्या राज्यांतली, त्यांना बोलायची मुभा नसावी. समुद्रसुद्धा कुंपणाच्या आतला. चौथ्या दिवशी मी हट्टानं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले. मिरच्या आणि चोरीस विकणाऱ्या बाईनं विचारलं, ‘खंयच्यो तुमी?’ तेव्हा कुठं मला गोव्याला आल्यासारखं वाटलं.

2004 पासून धावणारी डेक्कन ओडिसी मी कोल्हापूरला फलाटावरून पाहिली आहे. निळी, देखणी, आत उपाहारगृहं आणि मसाजची सोयही. भाडं लाखांत. महाराष्ट्र पाहायला परदेशातून येणाऱ्याला ती हवी असेल, पाहूदे. मला मात्र वाटतं, पैसे वाढत जातात तशी एका मर्यादेपर्यंत पाठ सुखावते. त्यापुढचे पैसे माणसं लांब ठेवण्यासाठी जातात. ती मर्यादा आपली आपण शोधायची. नांदेडला सचखंड गुरुद्वाराच्या लंगरमध्ये कुणालाही पैसे न देता पोटभर जेवता येतं, आणि शेजारी कोण बसेल हे आपल्या हातात नसतं. तिथं मला कधीच काही कमी पडलं नाही.

आता आई ऐंशीच्या पुढे आहे. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून ती तुळजापूरला मनात येईल तेव्हा जाते. तिकीट शून्य, पण गाडीची पहिली पायरी तिच्या गुडघ्याला उंच पडते. तिला वर घ्यायला दोन हात लागतात आणि ते आजवर प्रत्येक वेळी मिळाले. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद केली, ती परत सुरू केली नाही. ही गोष्ट मला मनापासून खुपते. ज्याच्या हाडांना गादीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच खिशाला हात.

यंदा तिला पुन्हा तिरुपतीला जायचंय. मुलगा विमानाचं म्हणतो, हैदराबादपर्यंत टॅक्सी आणि पुढं तासाभराचं उड्डाण. खर्च तो करणार आहे आणि प्रेमानं करणार आहे. मी आणि आई दोन दिवस यावर बोललो. टू एसीत पडदे असतात, थ्री एसीत नसतात. आईला थ्री एसी हवा, ‘समोरचं माणूस दिसाय पाहिजे.’ तिरुपतीत मात्र मी तिचं ऐकणार नाही. हॉलमध्ये जमिनीवर झोपायचं नाही. लिफ्ट, गरम पाणी आणि उंच कमोड असलेली खोली, ती महाग पडली तरी चालेल. दर्शनाला 65 वर्षांवरच्यांची वेगळी रांग आहे, तिची नोंदणी आधी करायची. दशम्या ती स्वतःच करणार म्हणते. पीठ मी मळून देईन.

आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. मुलगा संगणकासमोर बसणार आहे. आईला वयामुळे खालचा बर्थ बहुतेक मिळेल, पण काल रात्री उदगीरहून मावशीचा फोन आला. तिलाही यायचंय. आता एकाच खणात समोरासमोर दोन खालचे बर्थ हवेत, आणि ते नाही मिळाले तर एक दिवस पुढं जायलाही दोघी तयार आहेत.