लून नदीच्या खोऱ्यांत

इंग्लंडच्या वायव्येस लँकेस्टर शहर आहे. त्यास नांव मिळालें तें लून नदीवरून. नदीच्या वरच्या अंगास जों जों जावें तों तों वस्ती विरळ होत जाते; चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती, मेंढ्यांचे कळप आणि लांब लांब अंतरावर एकेक घर, एवढेंच दृष्टीस पडतें. आमच्या भाचीचें बिऱ्हाड लँकेस्टर येथें असल्यामुळें हा प्रदेश पाहण्याचा योग आम्हांस आला. निसर्गशोभेचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आम्हांस जें पाहावयाचें होतें तें जमिनीखालीं पुरलेलें होतें.

तांब्याच्या तारेचा स्वभाव असा कीं, केंद्रापासून अंतर वाढलें म्हणजे तिची गति मंदावते. त्यामुळें येथील शेतकऱ्यांच्या घरीं इंटरनेट ठिबकत येई. मोठ्या कंपन्यांचा हिशेब सरळ होता: चार घरांसाठीं मैलोगणती चर खणणें परवडत नाहीं. तो हिशेब खोटा होता असें आम्हांस वाटत नाहीं. गांवकऱ्यांनीं हिशेबच निराळा मांडला.

लँकेस्टर विद्यापीठांत पूर्वीं काम केलेले तज्ज्ञ बॅरी फोर्ड आणि रे या खेड्यांतील एका शेतकऱ्याच्या पत्नी ख्रिस कॉन्डर यांच्या पुढाकारानें २०११ सालीं एक संस्था निघाली. तिच्या नांवाचीं आद्याक्षरें जुळवून लोक तिला 'बार्न', म्हणजे कोठार, म्हणतात. एका पौंडाचा एक भाग. तो गांवकऱ्यांनींच घ्यावयाचा. २०१२ सालीं खोदाई सुरू झाली. रस्ता खणण्यास खर्च फार, म्हणून चर शेतांतून नेला आणि जमिनीच्या मालकांनीं त्याबद्दल भाडें घेतलें नाहीं. यंत्रें शेतकऱ्यांचींच, कोणी मजुरीच्या बदल्यांत भाग घेतले. चरांत आधीं पोकळ नळी पुरावयाची आणि मग दाबलेल्या हवेच्या जोरानें तींतून केसासारखा काचतंतु फुंकीत न्यावयाचा. परसांतला चर ज्याचा त्यानें खणावयाचा.

रे गांवांत एका वृद्ध बाईंनीं आम्हांस चहास बसविलें. भिंतीस अंगठ्याएवढें भोंक होतें. तें कोणीं पाडलें असें विचारतां, "आमच्या घरधन्यांनीं, आणि दोन वेळां. पहिलें फडताळांत निघालें," म्हणून त्या हसल्या. (याच गांवीं दरवर्षी बुजगावण्यांची जत्रा भरते, ती मात्र आमची चुकली.) अशा घरांत सेकंदास १,००० मेगाबिट इतकी गति, आणि धाडण्याची व घेण्याची सारखीच! आरंभीं त्याचे दरमहा ३० पौंड पडत.

आम्हांस मात्र तेथें बसल्या बसल्या राजापूर तालुक्यांतील आमचें घर आठवत होतें. २०२० सालच्या साथींत पुतण्या, सून व नात मुंबईहून तेथें येऊन राहिलीं. पुष्कळ वर्षांनीं वहिनींच्या स्वयंपाकघरांत चार पानें मांडलीं जाऊं लागलीं. परंतु कचेरीच्या कामासाठीं पुतण्यास रोज सड्यावर चढावें लागे. पावसाळ्यांत तो छत्रीखालीं मांडीवर लॅपटॉप घेऊन बसे. दिवाळीनंतर तीं परत गेलीं. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत.

ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतु नेण्याची योजना आपल्या सरकारनेंहि २०११ सालींच मंजूर केली. पुढें २०१५ पासून ती भारतनेट या नांवानें चालूं लागली. आमच्या पंचायतीपर्यंत तो तंतु आला आहे. राहिली ती पंचायतीपासून वाडीपर्यंतची वाट. तींत जांभा दगड आहे, आषाढांतला पाऊस आहे, आणि तार वरून न्यावी तर तिच्यावर पडणाऱ्या फांद्या आहेत. या सर्वांहून कठीण सातबारा! एकेका तुकड्यावर वीस वीस नांवें. निम्मीं मुंबई-पुण्यास, दोन अमेरिकेंत. विचारावें तर कोणास? आणि विचारलें कीं पाणंदीचें जुनें भांडण वर येतें. इंग्रज शेतकरी आपल्यापेक्षां साधु आहेत असें मानण्याचें कारण नाहीं. त्यांस तो तंतु स्वतःच्या घरीं हवा होता. आमच्या भाऊबंदांपैकीं बहुतेकांस तेथें राहावयाचेंच नाहीं.

परत आल्यावर आम्हीं शोध केला. चर खणून दिल्यास पंचायतीपासून तंतु आणून देण्यास तालुक्याचा एक केबलवाला तयार झाला. चराच्या वाटेंतील जमिनींवर अकरा चुलतबंधूंचीं नांवें निघालीं. सर्वांस पत्रें घातलीं. सात जणांची संमति आली, तिघांचें उत्तर नाहीं. अकराव्यांशीं आमच्या तीर्थरूपांच्या वेळेपासून अबोला होता. त्यांनीं एका ओळींत लिहिलें: "चर बांधाच्या कडेनें न्या, हापूसच्या मुळांस धक्का लागतां कामा नये."

वहिनींनीं तें पत्र दोनदां वाचवून घेतलें आणि दुसऱ्याच दिवशीं गड्यास दोरी देऊन बांधापासून ओटीपर्यंतचें अंतर मोजावयास धाडलें.