गाठ न मारता



गेल्या चातुर्मासात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मी क्रॉस स्टिच शिकले. शिकवणारी माझी अक्का. तिला आता समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो, कापडावरची घरं तर दिसतच नाहीत. तिने जिनवाणीसाठी करायला घेतलेलं वेष्टन तीन बाजू भरून ट्रंकेत पडलं होतं. चौथी बाजू भरायला बाहेर द्यायला ती तयार नव्हती. "तू शीक, आणि तूच भर," म्हणाली.

आमच्या घरी भरतकाम अक्काचं आणि हिशेब माझे, अशी वाटणी होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा अक्काने जुनी अकरावी करून शाळा सोडली, आणि मी मात्र बी.कॉम. झाले. माझ्या रुखवतातला मोराचा टेबलक्लॉथही तिनेच भरलेला. त्यामुळे सुई हातात घेताना नुसतं शिकायचं एवढंच मनात नव्हतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी अक्काची शिकवणी जशीच्या तशी सांगते.

कापड चौकोनी विणीचं सुती घ्यायचं. दुकानात मॅटी किंवा आयडा म्हणून मागा. इंचाला १४ घरांचं सगळीकडे चालतं, पण आपल्या वयाच्या डोळ्यांना ११ घरांचं बरं. नक्षी किती मोठी होईल हे आधीच काढता येतं. नक्षीची घरं मोजा आणि इंचातल्या घरांनी भागा. ५६ घरांची नक्षी १४ च्या कापडावर ४ इंच होते, ११ च्या कापडावर ५ इंचांहून थोडी जास्त. चहूबाजूंनी दोन-तीन इंच कापड सोडायचं, आणि कापडाची दोनदा घडी घालून मध्य काढायचा. नक्षी मध्यापासून सुरू केली की एका बाजूला कापड संपण्याची भीती नाही.

दोऱ्याच्या बाबतीत एक सांगायलाच हवं. आपल्याकडे भरतकामाच्या सुती लडीलाही सर्रास 'रेशीम' म्हणतात, म्हणून दुकानात स्पष्ट विचारा. खऱ्या रेशमासाठी कोश उकळतात, हे आपल्याला माहीतच आहे. जिनवाणीच्या वेष्टनाला तर तो दोरा नकोच. सुती लडीत सहा पदर असतात. त्यातले दोनच घ्यायचे. सुई बोथट टोकाची, २४ नंबरची. टोकदार सुई कापडाचे धागे फोडते.

टाका अगदी सोपा आहे. घराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुई वर काढायची आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात खाली घालायची. हा अर्धा टाका. ओळभर असे अर्धे टाके घालत उजवीकडे जायचं, मग त्यांच्यावरून उलटे तिरके टाके घालत परत यायचं. माझ्यातल्या कॉमर्सवालीने हे लगेच धरलं. जाताना नावे, येताना जमा. परतल्यावर एकही अर्धा टाका उरला नाही की तेरीज जुळली. नियम एकच, वरचे सगळे टाके एकाच दिशेला झुकलेले हवेत. त्यानेच कामाला चमक येते.

पहिला नमुना स्वस्तिकाचा. ९ घरं उभी, ९ आडवी, आणि चारही टोकांना ४-४ घरांची वळणं. वरची भुजा उजवीकडे वळवायची. मधलं घर दोनदा मोजायचं नाही, म्हणजे एकूण ३३ क्रॉस होतात. एका दुपारचं काम. मात्र मंगल चिन्ह पायपुसण्यावर किंवा बसायच्या उशीवर भरू नये.

आता गाठीची गोष्ट. अक्का म्हणाली, "गाठ मारायची नाही बघ." मग दोरा टिकणार कसा? दोन हात लांबीचा एकच पदर घ्यायचा, मधोमध दुमडायचा आणि दोन्ही टोकं सुईत ओवायची. पहिला अर्धा टाका घालताना मागच्या बाजूला दुमडीचा फास राहतो, त्यातून सुई ओढून घ्यायची. झालं. दोरा संपताना मागच्या चार-पाच टाक्यांखालून सुई नेऊन कापायचा. गाठ पुढून उंचवटा दाखवते आणि धुताना कधीकधी सुटते. टाक्याखाली दबलेला दोरा सहसा सुटत नाही.

आपल्या मुनिमहाराजांना निर्ग्रंथ म्हणतात. ग्रंथी म्हणजे गाठ, ती नसलेले. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो हाताला समजला या वेष्टनावर. घट्ट बांधल्याशिवाय काही टिकत नाही, असंच आपण संसारात धरून चालतो.

रोज चार वाजता, उजेड असतानाच, मी कापड तिच्या मांडीवर उलटं ठेवायची. ती मागच्या बाजूवरून बोटं फिरवायची. एक दिवस मी विचारलंच, "अक्का, शाळेचं मनात राहिलंय का गं तुझ्या?" तिची बोटं थांबली नाहीत. "राहिलं होतं पुष्कळ वर्षं," म्हणाली. "तुझ्या पहिल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी परसात जाऊन रडले होते. दर क्षमावणीला तुला मनातल्या मनात क्षमा करत होते, आणि दर वर्षी ते परत उरायचं." मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तिने कापड माझ्या हातात दिलं. "पुढची ओळ घे."

चौथी बाजू आश्विनात पूर्ण झाली. जुन्या लडीची चिठ्ठी हरवलेली, म्हणून लाल रंग तंतोतंत जुळला नाही. नवा जरा गडद आहे. मी तिला तसं सांगितलं.

"असू दे," ती म्हणाली. "माझं कुठवर आणि तुझं कुठनं, ते कळायला पाहिजे की."

वेष्टन आता मंदिरात आहे. अक्काच्या पेटीत अजून अर्धा कलश आहे, तो मी घेतलाय. तुमच्याही घरात कुणाचं तरी अर्धं राहिलेलं काम ट्रंकेत असेल. ते बाहेर काढा, आणि ते करणारी असेल तर तिच्याजवळ बसून शिका.