न दिसणारी जखम

पाय गमावून आलेल्या जवानाला गाव उठून जागा देते. पण धडधाकट दिसणारा माजी सैनिक भरदुपारी ओसरीवर आडवा दिसला, की लोक म्हणतात, "फौजीला बसून खायची सवय लागली." आमच्या घरातले दोघे पलटणीत होते, म्हणून हे बोलणे मला फार लागते. अमेरिकेतील सैनिकांची हकीकत वाचली, तेव्हा तीही अशीच मनाला लागून राहिली.

इराकने गिळलेला कुवेत सोडवण्यासाठी 1990-91 साली अमेरिकेचे जवळजवळ सात लाख सैनिक आखातात गेले. लढाई थोड्या दिवसांत संपली. घरी आल्यावर मात्र हजारो जणांना थकव्याने गाठले. रात्रभर झोपून अंग उठेना, सांधे दुखत, साध्या गोष्टी आठवेनात. रक्त तपासले, फोटो काढले, सगळे ठीक! मग मनाचा खेळ म्हणून कित्येकांना वाटेला लावले.

नेमके कारण आजही पुरते उलगडलेले नाही. विषारी वायूपासून बचावासाठी दिलेल्या गोळ्या, कीटकनाशके, आणि मार्च 1991 मध्ये खमिसिया येथे उडवलेल्या इराकी दारूगोळ्यातील सारिन वायू यांवर संशय आहे. सारिन आणि आपण पिकावर मारतो त्यांतली काही औषधे एकाच जातीची, मज्जातंतूंवर घाला घालणारी. फवारणीनंतर ज्याचे डोके गरगरले आहे, त्याला अधिक सांगायला नको.

1994 साली तिथे निदान न झालेल्या आजारालाही भरपाई देणारा कायदा झाला. 2001 साली त्यात दीर्घकालीन थकव्याचा विकार नावानिशी आला. आजार सहा महिने टिकलेला असावा. तो युद्धामुळेच झाला हे सैनिकाने सिद्ध करायला नको. तरीही 2017 च्या सरकारी तपासणीत दिसले, की अशा आजारांचे 100 पैकी सुमारे 17 च दावे मंजूर होत होते. कायदा झाला, पण टेबलापलीकडच्या माणसाचा विश्वास बसला नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2013 साली एका जवानाच्या दाव्यात त्या वेळच्या नियमांवरून सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो तेव्हा निरोगी होता असे धरावे. म्हणून भरतीचे, दवाखान्याचे, सेवामुक्तीचे कागद जपून ठेवा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा.

पण पहिला विश्वास घरच्यांचा हवा. बैल बसला तर शहाणा शेतकरी आधी त्याचे खूर-तोंड पाहतो, लगेच पराणी उचलत नाही. घरच्या माणसाला तेवढे तरी मिळावे.