वनभोजनाची जागा

कार्तिक महिना लागला कीं आमच्या घरांत वनभोजनाची कुजबुज सुरू होते. पावसाळा नुकताच सरलेला असतो, डोंगरावरचें गवत अजून पुरतें वाळलेलें नसतें, ओढ्यांना पाणी असतें आणि ऊन सोसवेल इतपतच तापतें. वैशाखांत हेंच रान करपलेलें, आणि आषाढांत तेथें पाऊल ठेवण्याची सोय नाहीं. आपल्या पूर्वजांनीं आवळीभोजनाला कार्तिकाचा शुक्लपक्ष नेमून दिला, त्यांत धर्माइतकेंच ऋतूचेंहि ज्ञान होतें, असें मला नेहमीं वाटत आलें आहे. काळ त्यांनीं ठरवून ठेवला; जागा मात्र ज्यानें त्यानें शोधावयाची. आणि ह्या शोधण्यांतच आपण बहुधा चुकतों. निदान आम्ही तरी चुकलों होतों.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. लहानथोर मिळून आम्ही चौदा माणसें पुण्याहून महाबळेश्वरास गेलों होतों. जागा निवडण्याचें काम घरांतील तरुण मंडळींनीं आपणांकडे घेतलें आणि त्यांनीं एकच कसोटी लावली: देखावा जितका भव्य, तितकी जागा उत्तम. ह्या न्यायानें आर्थर सीट ठरली. देखाव्यांत खोट काढण्यासारखें तेथें कांहींच नाहीं. पायांखालीं कडा तुटतो आणि सावित्रीचें खोरें एकदम खोल, निळेंजांभळें उघडतें. परंतु त्या कड्यावरून वारा वर चढतो. हलकी वस्तु खालीं टाकली तर ती तो परत वर आणून देतो, अशी त्या जागेची ख्यातीच आहे. आमच्या मुलांना त्याची फार गंमत वाटली. पण जेव्हां वाढलेली पत्रावळ दहीभातासकट उलटली आणि धाकट्या जाऊबाईंच्या पदराला आली, तेव्हां मंडळींचे चेहरे उतरले. चौदा माणसांनीं उभ्याउभ्यानें, हातांत दशमी धरून, कसें तरी जेवण उरकलें.

चौदा म्हणतें, पण तेथें तेरांच होतीं. सासूबाईंचे गुडघे दुखतात; मोटर थांबते तेथून कड्यापर्यंतचें चालणें त्यांना झेपेना, म्हणून त्या मोटरींतच बसून राहिल्या. मीं त्यांच्यासाठीं डबा नेला तेव्हां त्या एकट्याच जपमाळ ओढीत होत्या. माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "अग, तुम्हीं पाहिलेंत ना? म्हणजे मीं पाहिल्यासारखेंच आहे." त्यांनीं रागानें म्हटलें असतें तर मला बरें वाटलें असतें.

त्यांचें माहेर वाईचें. कृष्णेच्या घाटावर त्यांचें बालपण गेलें. पण कृष्णेचा उगम त्यांनीं कधीं पाहिला नव्हता. माहेरीं असतांना एकदां जाण्याचें ठरलें होतें, तेवढ्यांत लग्न ठरलें. मग संसार, मुलें, दुखणींखुपणीं ह्यांत तें राहूनच गेलें. आर्थर सीटकडे जाणारा रस्ता क्षेत्र महाबळेश्वराच्या जवळूनच जातो. परततांना थांबूं, असें आम्ही त्यांना म्हणालों होतों. परततांना अंधार पडला.

ह्या वर्षीं मीं घरांत स्पष्ट सांगितलें कीं, जागा मी शोधणार. मंडळी येण्याच्या आदल्या दिवशीं मी व धाकटे भावोजी दोघेंच पुढें गेलों आणि सासूबाईंचे गुडघे हेंच माप धरून सारा डोंगर पालथा घातला.

ह्या मापानें पाहूं लागल्यावर महाबळेश्वर मला वेगळेंच दिसूं लागलें. १८२४ मध्यें लॉडविक नांवाचा इंग्रज सेनाधिकारी ह्या डोंगरावर चढला. पुढें मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांच्याशीं करार करून १८२९ मध्यें ही जागा मिळविली. लॉडविक, एल्फिन्स्टन, विल्सन अशीं नांवें ज्या 'पॉइंटां'ना मिळालीं, ते बहुतेक कडे किंवा उंचवटे आहेत. साहेबाला लांबवरचें पाहावयाचें होतें. खुर्ची, तंबू आणि पाणी वाहून आणावयास माणसें होतीं. आपल्या लोकांनीं मात्र ह्याच डोंगरावर त्याच्या कितीतरी आधीं जागा निवडल्या होत्या, आणि त्या झऱ्यांच्या कांठच्या होत्या. पाहण्याची जागा आणि बसण्याची जागा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें मला तेथें प्रथम उमगलें.

आम्हीं चार गोष्टी पाहिल्या: सावली, पाणी, वारा आणि वाट. केट्स पॉइंटवरून कृष्णेचें खोरें आणि धोमच्या धरणाचें पाणी फार सुरेख दिसतें. तेथें घटकाभर उभें राहावें, पण कड्याशीं मुलांना मोकळें सोडून कोणत्या आईला घास गोड लागेल? विल्सन पॉइंट हा डोंगरावरील सर्वांत उंच भाग, सुमारें ४,७०० फुटांचा. सूर्योदयाला उत्तम, दुपारीं उघडाबोडका. पांचगणीचें टेबललँड म्हणजे जांभ्या दगडाचें विस्तीर्ण पठार. वाट सपाट, पण माथ्यावर झाड नाहीं. लिंगमळ्याच्या धबधब्याला कार्तिकांत भरपूर पाणी असतें आणि आसपास दाट सावलीहि आहे; परंतु उतरण आमच्या मापांत बसेना. मुंबई पॉइंटच्या वाटेवरची झाडी मनांत भरली होती. तेथें वानरांनीं भावोजींच्या हातांतली पिशवी आमच्यादेखत नेली, तेव्हां तोहि बेत सोडला. वेण्णा तलाव, जो साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज यांनीं १८४२ मध्यें बांधविला, तो मुलांना आवडला असता. पण सुटीच्या दिवसांत त्याच्या कांठीं घोडे, दुकानें आणि माणसें यांची इतकी दाटी असते कीं तेथें वनभोजन करण्यापेक्षां मंडईंत केलेलें बरें.

पाण्याविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ह्या डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे आणि त्याच्याखालीं काळा पाषाण. दरसाल येथें दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळें तें पाणी त्यांत मुरतें, आणि खालीं काळा दगड लागला कीं आडवें वाहून झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. म्हणून ऐन माथ्यावर पाणी शोधूं नये. माथ्यापासून थोडें खालीं, जेथें दाट हिरवी झाडी पट्ट्यासारखी दिसते, तेथें पाहावें. अंजनी, जांभूळ आणि पिसा ह्या झाडांची ही राई. वाऱ्यामुळें झाडें फार उंच वाढत नाहींत, पण सावली गार देतात. अशा राईच्या आडोशाला वारा येतो तोहि शहाण्यासारखा येतो.

ह्याच विचारानें आम्ही शेवटीं क्षेत्र महाबळेश्वरीं आलों. गांवापासून तें सुमारें ६ किलोमीटर आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री ह्या पांच नद्यांचा उगम येथें मानतात. पंचगंगेच्या देवळांत त्यांचें पाणी गोमुखांतून कुंडांत पडतें. शिवाजी महाराजांनीं १६६५ मध्यें मातोश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली ती येथेंच. येथून जवळच कृष्णाबाईचें जुनें दगडी देऊळ आहे. पंचगंगेच्या मानानें तेथें वर्दळ थोडी. समोर कृष्णेचें खोरें पसरलेलें. देवळाच्या आवारांत पंगत मांडणें आम्हांला प्रशस्त वाटेना. म्हणून थोडें अलीकडे, रस्त्यालगत, एका शेतकऱ्याला विचारलें. त्याच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांच्या कडेला एक पसरट जांभूळ होतें, शेजारून पाण्याचा पाट वाहत होता. "खुशाल बसा, फक्त वाफ्यांत पोरं शिरूं देऊं नका," एवढीच त्याची अट. आम्ही पैसे विचारले तेव्हां तो संकोचला. मग त्याच्याकडून भाजी आणि मध विकत घ्यावयाचें ठरलें. मोटरीपासून झाडापर्यंतचीं पावलें मीं मोजलीं: सत्तर, आणि चढ नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मंडळी आली. कार्तिकांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून सतरंज्या झाडाच्या उत्तरेस घातल्या; तीन वाजेपर्यंत एकालाहि उठून जागा बदलावी लागली नाहीं. जवळपास आवळी नव्हती. सासूबाईंनीं वाईच्या बाजारांतून आवळ्याची डहाळी आणविली होती, ती जांभळीच्या बुंध्याशीं टेकवून त्यांनीं हळदकुंकू वाहिलें आणि म्हणाल्या, "आज ही तिची पाहुणी." कार्तिकी एकादशी होऊन गेल्यामुळें वांगीं मोकळीं झालीं होतीं, भरलीं वांगीं, दशम्या, दाण्याची चटणी, दहीभात आणि गूळतूप, सगळें घरून केलेलें. राखीव वनांत विस्तव पेटविण्यास कायद्यानें बंदी आहे. आणि आम्ही शेताच्या बांधावर होतों तरी वाळल्या गवताशेजारीं चूल नको, असें पूर्वींच ठरविलें होतें. शिवाय ह्या बाजूच्या कड्यांना आग्या मधमाशांचीं पोळीं असतात. त्यांना धूर डिंवचतो. चहाचा थर्मास पुरला.

जेवणें झाल्यावर मीं सासूबाईंना म्हटलें, "चलतां का? कृष्णाबाईला जाऊन येऊं." भावोजींच्या हाताला धरून, दोन ठिकाणीं विसांवा घेत, त्या देवळापर्यंत आल्या. दर्शन घेतलें, गोमुखाखालीं ओंजळ धरली, डोळ्यांना पाणी लावलें. मग दरीकडे तोंड करून त्या पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. मुलें भोंवतीं जमलीं तेव्हां त्यांना सांगूं लागल्या: ही पाहा कृष्णा पूर्वेला चालली. वेण्णा हिची धाकटी बहीण. ती साताऱ्याजवळ माहुलीला हिला भेटते. कोयना दुसऱ्या वाटेनें जाते, पण कऱ्हाडला तिला राहवत नाहीं. एकटी सावित्री तेवढी पश्चिमेला वळली आणि बाणकोटाकडे समुद्राला गेली. भूगोलाच्या पुस्तकांत कृष्णेची लांबी सुमारें १,४०० किलोमीटर आहे, हें मुलांनीं पाठ केलें होतें. ती कोणाची कोण लागते, हें त्यांना त्या दिवशीं प्रथम कळलें.

ऊन उतरूं लागलें. डोंगरावर ह्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गारठा लगेच पडतो, म्हणून चारला आवराआवर केली. पत्रावळी शेतकऱ्याच्या खताच्या खड्ड्यांत टाकल्या, बाकीचा कचरा पिशवींत घालून बरोबर घेतला. २००१ पासून हा टापू सरकारनें पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक म्हणून जाहीर केला आहे. पण ज्या झाडाखालीं पाहुणी आवळी बसविली, तेथें घाण ठेवूं नये हें सांगावयास सरकार कशाला हवें? निघतांना मुलांनीं जांभळीखालचें गवत हातानें सारखें केलें.

आमच्या वहींत मीं त्या जागेची नोंद करून ठेवली आहे. पण वाचकांना मी ती जागा दाखवूं इच्छीत नाहीं, तर तें माप सुचवूं इच्छितें. आपल्या घरांत जें माणूस सर्वांत हळू चालतें, त्याच्या पावलानें डोंगर पाहावा. सिंहगड असो, माथेरान असो कीं आंबोली असो, त्याला बसतां येईल अशी जागा सांपडली कीं बाकीच्यांना ती आपोआप आवडते. कडा पाहण्यासाठीं पायांत बळ असलेल्यांनीं जेवणानंतर खुशाल जावें.

मोटरींत बसतांना थोरल्या नातवानें तांब्या पुढें केला. "आजी, वाईच्या मामाआजोबांना देण्यासाठीं पाणी भरून घेऊं?" सासूबाई हंसल्या. म्हणाल्या, "अरे वेड्या, तें आपल्याआधीं निघालें आहे."